सात खड्यांतली बदकीण

मी एक जुनी दगडी बदकीण आहे. जुनी म्हणजे किती, ते बाईमाणसाला विचारू नये. पण तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. अठराशे वर्षं तर मी नुसती पाण्यात होते. त्याआधीची वेगळी. मुठीएवढा आकार, काळा कुळकुळीत रंग, मान मागे वळवून पाठीवर टेकलेली, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटतं, झोपली आहे. मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही झोपले नाही. डोळे मिटून बसलं की लोक समोर काहीही बोलतात, एवढाच त्यातला फायदा.

आणि मी खेळणं नाही, शोभेची वस्तू नाही. मी वजन आहे. तराजूच्या एका पारड्यात मी बसायचे आणि दुसऱ्या पारड्यात राज्य तोललं जायचं. राज्य म्हणजे खजूर. पण त्या राज्यात खजुराशिवाय दुसरं होतं काय?

तुम्ही आखाती देशातल्या फुजैराच्या किनाऱ्यावर उभे राहिलात, की समोर पाण्यापलीकडे इराण आहे. माझा जन्म तिकडचा. एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून काढलं आणि बारा दिवस ओल्या वाळूने घासलं. मग तराजूत बसवलं. जरा जड भरले की तो माझ्या पोटाखालून आणखी घासायचा. मुलीचं लग्न ठरलं की तिला "आता थोडी बारीक हो" म्हणतात ना, तसंच ते. माझं मत कोणी विचारलं नाही.

त्या काळी इराणवर पार्थियन घराण्याची सत्ता होती. त्यांचा शहा स्वतःला "राजांचा राजा" म्हणवायचा. आता राजांचा राजा व्हायचं तर हाताखाली राजे हवेत की नाही? म्हणून त्याने छोटे छोटे राजे राहू दिले. मुकुट तुमचा, गादी तुमची, नाण्यावर तोंडही तुमचंच पाडा. फक्त दरवर्षी खंडणी पाठवा, लढाई लागली की माणसं पाठवा, आणि आमच्यासमोर वाकताना कंबर दुखते म्हणू नका. अशा राजाला मांडलिक म्हणतात. एलिमाइस, खारासीन, अदियाबेने, पर्सिस ही त्यांतली मोठी नावं पुस्तकात सापडतील. आमचं सापडणार नाही. आमचं राज्य एवढंसं, की राजवाड्यात फोडणी पडली की शेजारच्या राज्यात ठसका लागायचा.

पण तोरा बघावा! आमच्या राजाला एक प्रधान, एक सेनापती आणि एक भाट होता. तिघे सख्खे भाऊ होते आणि तिघांत मिळून एकच घोडा होता. शहाच्या दरबारात मांडलिकांना बसायचा क्रम ठरलेला असे. आमचे राजे शेवटून दुसरे. दरवर्षी तिथे गेले की शेवटचा अजून जिवंत आहे ना, याची ते आस्थेने चौकशी करत, आणि तो दिसला की निश्चिंतपणे बसत.

खरं राज्य चालवायची ती राजमाता. तिची जीभ अशी, की सेनापती तिच्यापेक्षा रणांगण बरं म्हणायचा. शहाने माझ्यासारखं एक एक वजन प्रत्येक मांडलिकाकडे पाठवलं होतं, म्हणजे खंडणी सगळीकडे सारखी तोलली जाईल. मूळ बदकीण शहाच्या दरबारात. ती आमची सासू म्हणा. आम्ही तिच्या मापाच्या सुना, गावोगाव दिलेल्या. राजमातेने पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारी एक जाडी बदकीण करून आणून ठेवली. शेतकऱ्याकडून खजूर घ्यायचा तेव्हा पारड्यात जाडी. शहाला पाठवायचा तेव्हा मी. मी खोटं कधीच बोलले नाही. मला कोणी विचारलंच नाही.

शहाने एकदा शंभर घोडेस्वार मागितले. राजमातेने तीस घोडे आणि सत्तर गाढवं पाठवली, आणि सोबत निरोप: "आमच्याकडचे घोडे कान लांब ठेवतात." निरोप नेणारा परत आला नाही. गाढवं परत आली.

थोरला राजपुत्र शहाच्या दरबारात ठेवावा लागे. याला पाहुणचार म्हणत. बापाने गडबड केली तर मुलगा हाताशी असावा, असा तो पाहुणचार. चार वर्षांनी पोरगा सुट्टीवर घरी आला आणि पहिल्याच जेवणाला म्हणाला, "आपल्याकडचं पाणी जड आहे." राजमातेने त्याच्यासमोर मला ठेवलं आणि म्हणाली, "जड ही आहे. पाणी गोड आहे. पी."

असे दिवस चालले होते. शहाच्या घरात भावाभावांत जुंपली की आम्ही खंडणी थांबवायचो. एक भाऊ जिंकला की त्याचं अभिनंदन करून पुन्हा सुरू करायचो. मांडलिकाची कला म्हणजे एवढीच: कोण जिंकतो ते बघावं आणि आपण आधीपासून त्याच्याच बाजूचे होतो असं म्हणावं.

मग अर्दशीर आला. मित्रांनो, हा कोणी परका नव्हता. पर्सिसमधला आमच्यासारखाच छोटा राजा. त्याने आजूबाजूचे लहान राजे एकेक करून गिळले आणि एक दिवस थेट राजांच्या राजावर चालून गेला. आमच्या राजवाड्यात खलबत झालं. राजमाता म्हणाली, थांबा, बघू. पण ती त्या दिवशी तापाने पडली होती, आणि आयुष्यात प्रथमच राजाने स्वतःच्या डोक्याने निर्णय घेतला. त्याने दोन खलिते लिहिले. एक शहाला: "त्या उपटसुंभाला ठेचा, आम्ही तुमचे." दुसरा अर्दशीरला: "त्या म्हाताऱ्याला हटवा, आम्ही तुमचे." दोन दूत दोन दिशांना गेले. लढाईत शहा पडला, त्याचा तंबू अर्दशीरने घेतला, आणि आमचे दोन्ही खलिते एकाच माणसाने एकाच बैठकीत वाचले.

अर्दशीर नवा राजांचा राजा झाला. आणि तो स्वतः मांडलिक असल्यामुळे त्याला मांडलिकांच्या सगळ्या खोड्या ठाऊक होत्या. सून सासू झाली की बाकीच्या सुनांचं काय होतं, ते मी सांगायला नको. जुन्या छोट्या गाद्या त्याने गुंडाळायला घेतल्या. आमच्यावर फौज निघाल्याचं कळलं तेव्हा राजाने एक गलबत काढलं. आत राजा, राणी, राजमाता, सिंहासन, तीन पिंपं खजूर, भाट, आणि घाईत कोणीतरी टाकलेली मी. मध्यावर वादळ आलं. नावाडी ओरडला, भार कमी करा! राजा सिंहासन सोडेना. भाट राजाला सोडेना. राजमातेने सगळ्यांकडे एकदा बघितलं, मला उचललं आणि म्हणाली, "ही शहाची. आता शहाच नाही." आणि मला पाण्यात टाकलं.

अर्ध्या किलोची मी! माझ्यामुळे गलबत काय हलकं होणार होतं? पण सासरचं माणूस बाहेर काढायचं ठरलं की कारण सापडतंच.

पुढची अठराशे वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. खेकडे येऊन राहिले. अंगावर चुन्याचा आणि शिंपल्यांचा थर चढला. वरून जहाजं गेली. आधी शिडांची, मग धुराची, आणि आता तेल भरायला रांगेत उभी राहणारी ही भलीमोठी. किती राज्यं वर आली आणि बुडाली ते मला खाली बसून कळायचं, कारण बुडालेलं सगळं शेवटी माझ्याच शेजारी यायचं. मग कधीतरी बंदराच्या कामासाठी समुद्राचा तळ उपसला. त्या ढवळाढवळीत मी सरकत सरकत उथळ पाण्यात आले, आणि वाळूत अर्धी रुतून पडले.

तिथे दियाचा हात माझ्यावर पडला.

दिया बारा वर्षांची. तिचे बाबा सतीश फुजैराच्या तेल टर्मिनलवर नोकरीला. आई हेमा. आणि आजी छायाबाई, मूळच्या कोल्हापूरकडच्या कुरुंदवाडच्या, जिभेला धार अशी की मला क्षणभर राजमाताच परत आली असं वाटलं. त्यांच्या घरी खड्याच्या गौरी बसतात. उभ्या गौरी नाहीत, मुखवटे नाहीत. भाद्रपदात पाण्याकाठी जाऊन सात खडे उचलायचे, घरी आणायचे, तीन दिवस त्यांची माहेरवाशिणीसारखी कोडकौतुकं करायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडायचे. खडे उचलणाऱ्या मुलीने तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

सकाळची वेळ. गाडी मागे एसी चालू ठेवून उभी. हेमाच्या हातात घंटा, दियाचे गाल चुळीने फुगलेले, छायाबाई काठावरून हुकूम सोडतायत. दियाने सहा खडे ताम्हनात ठेवले. सातव्याला मला उचललं आणि तिचे डोळे विस्फारले. मी दिसते त्यापेक्षा जड आहे. तिने भुवया उंचावून आईकडे बघितलं. आईने मानेने खुणावलं, दुसरा घे. दियाने खांदे उडवले. छायाबाई हेमावर कडाडल्या, "अगं, गौरीला नको म्हणतेस? हाताला लागली ती आपली. चला, यल्ला, ऊन चढतंय!"

इमारतीखाली रखवालदार मिथुन भेटला. "गुड मॉर्निंग, दिया बेबी!" दिया गप्प. त्याने फुगलेले गाल बघितले. "दाँत में दर्द है क्या? मॅडम, लवंग लगाओ."

दारात दियाच्या पायांवर दूध-पाणी घातलं. हेमाने विचारलं, "गौर आली, गौर! कशाच्या पावलाने?" छायाबाई आतून म्हणाल्या, "सोन्यामोत्यांच्या पावलाने!" दियाने एकदाची चूळ टाकली आणि म्हणाली, "आजी, वन ऑफ देम इज सो हेवी!"

"जड गौर चांगली. भरल्या घरची असते."

माझ्या जडपणाला चांगलं म्हणणारी ही पहिलीच बाई. मी पाटावर बसले. हळद, कुंकू, कापसाचं वस्त्र, वर तेरड्याच्या फुलांऐवजी सुपरमार्केटमधली शेवंती. एके काळी मी दुसऱ्याच्या खंडणीचं माप होते. आता माझ्यासमोरच भाजी-भाकरीचा नैवेद्य आला. तीन दिवसांत मी मराठीही शिकले. छायाबाई बोलत असल्या की शिकायला वेळ लागत नाही. त्या थांबतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पूजेची तांब्याची भांडी चिंचेने घासत होत्या. हातात चोथा उरला. त्यांची नजर माझ्यावर गेली. "बाकीच्या सहा कशा स्वच्छ आहेत, आणि ही बघा पांढरे डाग घेऊन बसली आहे." आणि त्यांनी मला चिंचेने खसाखसा घासलं. आंबटाने चुना सुटतो. एका अंगाने माझी मान मोकळी झाली, चोच मोकळी झाली. दिया जवळ आली.

"आजी... इट्स अ डक!"

"गौर आहे ती."

"बट लुक! बीक आहे तिला!"

"गौर कोणत्याही रूपात येते."

"डकच्या?"

"तुझे आजोबा ज्या रूपात आले त्या रूपात मी नवरा म्हणून चालवून घेतलेच ना? मग?"

दुपारी खालच्या मजल्यावरची फिझा घावन-घाटलं खायला आली. फिझा मूळची लखनौची, दियाच्या शाळेत इतिहास शिकवते. ती पाटासमोर वाकली आणि तिच्या हातातलं घावन तसंच राहिलं.

"आंटी, ये पत्थर जरा हाथ में लूँ?"

"हात मत लगाओ. देवी है."

"देवी तो है, आंटी, मगर बाट भी है. वजन. ऐसी बतखें पुराने जमाने में तराजू में रखते थे. ये दो हजार साल पुरानी हो सकती है."

सतीशने टीव्ही बंद केला. "आई, ऐक. इथला कायदा आहे. जुनी वस्तू सापडली तर सरकारला कळवावी लागते. घरात ठेवता येत नाही, समुद्रात तर मुळीच टाकता येत नाही."

"घरात कोण ठेवतंय? उद्या विसर्जन आहे."

"अगं, विसर्जन म्हणजे टाकणंच झालं!"

"टाकणं नाही रे, पाठवणी. माहेरवाशीण तीन दिवसांसाठी आली. तिला निघायच्या दिवशी अडवायची नाही. कुरुंदवाडला आमच्याकडे राजा अडवला असेल, गौर अडवली नाही."

फिझाने घावन खाली ठेवलं. "आंटी, आपके यहाँ राजा थे?"

मग काय! छायाबाईंनी पदर खोचला. "आमच्या कुरुंदवाडला एक नाही, दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राज्यं दोन. वर इंग्रज. तोफांची सलामी दोघांनाही नव्हती, पण रुबाब एकवीस तोफांचा!" हेमाने याचं जमेल तसं हिंदी केलं. फिझा हसली आणि म्हणाली, अगदी असंच तेव्हा इराणमध्ये होतं. वर एक शहा, खाली बारके बारके राजे.

"लाइक अ फ्रँचायझी," दिया म्हणाली. "सेम लोगो, बट यू पे दि हेड ऑफिस."

मित्रांनो, अठराशे वर्षांत आमच्या राज्यकारभाराचं इतकं अचूक वर्णन कोणी केलेलं नाही.

पण त्या हसण्यात मी एकटी हिशोब करत होते. उद्या मला पुन्हा पाण्यात सोडणार. पुन्हा खेकडे, पुन्हा चुना, आणि पुढची दोन हजार वर्षं कोणी कुरुंदवाडची बाई चिंच घेऊन येईल याची काय खात्री? मला ओरडून सांगायचं होतं, अहो, नका पाठवू! पण दगडाच्या तोंडात कायमचीच चूळ.

तिसरा दिवस उजाडला. सतीशने पुराणवस्तू खात्याला फोन केला होता. त्यांचा माणूस संध्याकाळी चारनंतर येणार होता. विसर्जनाचं मूळ नक्षत्र पाचपर्यंतच. छायाबाई तीनलाच दहीभाताचा नैवेद्य दाखवून, साडी बदलून, ताम्हन हातात घेऊन दाराशी उभ्या.

"आई, एक तास थांब."

"नाही."

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, आई! उद्या कोणी विचारलं, वस्तू कुठे, तर काय सांगू? गौर होती, गेली?"

"हो, तेच सांग. खरं आहे."

"आई, हट्ट का करताय?" हेमा म्हणाली. "सहा सोडू. सातवी राहू दे."

छायाबाईंचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली मी तो ऐकला नव्हता. "राहू दे. राहू दे म्हणजे काय गं? हे गेल्यावर मला इथे आणलं तेव्हा तीन महिने म्हणाला होतात. दोन वर्षं झाली. घराला कुलूप आहे, अंगणातल्या तुळशीला शेजारीण पाणी घालते की नाही देव जाणे. मी काही बोलले का? नाही. पण जिला बोलता येत नाही तिला तरी वेळेवर जाऊ द्या."

लिफ्टचा आवाज आला आणि फिझा वर आली. हेमानेच तिला फोन केला होता. ती छायाबाईंसमोर खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसली.

"आंटी, ये समंदर की नहीं है."

"म्हणजे?"

"ये उस पार की है. इराण की तरफ की. पत्थर वहाँ का होगा, राजा के घर रही होगी. समंदर में अपने आप नहीं जाती ऐसी चीज. या जहाज डूबा होगा, या किसी ने फेंक दिया होगा."

फेंक दिया! मी मनात म्हटलं, पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो.

छायाबाईंनी ताम्हनातल्या माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. सतीशने घड्याळाकडे बघितलं, तर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मनगट खिशात घातलं.

"म्हणजे हिला सासरच्यांनीच पाण्यात टाकली?"

"शायद, आंटी."

"मग मी कोणाकडे पाठवणी करायला निघाले होते?" त्यांनी ताम्हन टेबलावर ठेवलं. "पाठवणी घरी करतात. जिथे लोटून दिली त्या विहिरीत माहेरवाशीण परत नेऊन सोडायची? आमच्यात असं करत नाहीत. कुरुंदवाडला काय, कुठेच करत नाहीत. सतीश, तुझ्या माणसाला सांग, ये म्हणावं."

सतीशने सुटकेचा निःश्वास टाकला. "खलास! मग सहाच नेऊया."

"सहा कशा? सात आणल्या, सात जायला हव्यात. हेमा, डब्यातली सुपारी आण. चांगली घे, किडकी नको."

दियाने विचारलं, "आजी, सुपारी व्हाय?"

"पूजेला जे मिळत नाही त्याच्या जागी सुपारी चालते. गणपती नसला तर सुपारी. नवग्रह तर सगळेच्या सगळे सुपारीचे. बायको माहेरी असली आणि नवऱ्याला पूजेला बसायचं असलं तर कमरेला सुपारी."

"सो सुपारी इज हर डेप्युटी?"

"असेल. मला काय माहीत."

त्यांनी सहा खड्यांवर आणि माझ्यावर अक्षता टाकल्या, आम्हाला प्रत्येकीला बोटाने जरासं हलवलं. त्यांच्या रीतीत एवढं केलं की देवी गेली. उरतो तो दगड. तीन दिवसांची महालक्ष्मी मी, एका बोटाच्या धक्क्याने दगड झाले. राजपद जाताना आमच्या राजाला निदान गलबत तरी मिळालं होतं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी कोरडी होते.

सव्वाचारला पुराणवस्तू खात्याचा अहमद आला. अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात मोजे, स्पंज भरलेली पेटी. त्याने मला दोन बोटांनी उचललं, भिंगातून बघितलं, आणि माझ्या चकचकीत झालेल्या एका गालावर येऊन तो थांबला.

"ये किसने साफ किया?"

छायाबाई पुढे झाल्या. "मैंने. चिंच से."

हेमा पुटपुटली, "इमली."

अहमदने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि फार आदराने म्हणाला, "अम्मा, बहुत अच्छा चमका. लेकिन दूसरी तरफ मत चमकाना."

कुठे सापडली ती जागा त्याला बघायची होती. म्हणून सगळेच निघाले: सतीशच्या गाडीत सहा खडे, सुपारी आणि सगळं घर, मागून अहमदच्या गाडीत, पुढच्या सीटवर, पेटीचं झाकण उघडं ठेवून मी. पावणेपाचला आम्ही किनाऱ्यावर होतो. दियाने पाण्यात शिरून जागा दाखवली. अहमदने फोटो काढले, काहीतरी लिहून घेतलं, आणि मग पेटी हातात घेऊन बाजूला उभा राहिला, कोणाच्या घरच्या कार्यात उभं राहावं तसा.

छायाबाईंनी एकेक करून सहा खडे सोडले. प्रत्येकीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लवकर ये." सातवी सुपारी. ती सोडली, तर लाटेने परत आणून त्यांच्या पायाशी ठेवली. पुन्हा सोडली. पुन्हा परत.

"जा म्हटलं ना!" छायाबाई ओरडल्या.

सुपारी गेली.

मित्रांनो, मी जन्मभर दुसऱ्याच्या मापाने जगले. शहाच्या वतीने मी, शहाच्या नावाने मी. आणि आज पहिल्यांदा माझ्या वतीने कोणी तरी गेलं. तीही मांडलिकच निघाली अस्सल. दोनदा हुकूम मोडला आणि तिसऱ्यांदा झाडल्यावर गेली.

मग रीतीप्रमाणे छायाबाईंनी घरात टाकायला मूठभर वाळू घेतली, हात झटकला, आणि वळल्या.

"सतीश, सात आणल्या, सात पाठवल्या. आठवी राहिली आहे. माझं तिकीट काढ."

"अगं आई, काढू ना. दिवाळी होऊ दे, मग इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला म्हणू नकोस. तारीख सांग. आणि माझ्या जागी सुपारी चालायची नाही, हे आधीच सांगून ठेवते."

हेमाने फोन काढला. वाऱ्यात पदर सावरत, डोळे बारीक करून ती स्क्रीन बघत होती. "आई, कोल्हापूरचं थेट नाही. पुण्याचं आहे. अठ्ठावीस तारखेला."

"पुण्याचं चालेल. पुढे एसटी आहे."

"आजी, कॅन आय कम?" दियाने विचारलं.

"ये की. पण तिथे वीज जाते, आणि पाणी जड आहे म्हणालीस तर बघ."

हेमाने अंगठ्याने काहीतरी दाबलं. छायाबाईंनी चष्मा लावून फोनवरची तारीख स्वतः वाचली, दोनदा, आणि मगच गाडीकडे चालू लागल्या.

तर मित्रांनो, माझं ऐका. जुनी वस्तू हाती लागली तर तिला चिंच लावू नका, आणि आपल्याच मनाने पाण्यातही सोडू नका. जाणत्या माणसाला विचारा. ही कुठली, कोणाची, इथे कशी आली, आता हिने कुठे असावं. आम्ही दगड, आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला भिंग आणावं लागतं, पुस्तकं धुंडाळावी लागतात, अहमदला बोलवावं लागतं. पण घरातल्या जुन्या माणसाला कुठे जायचं आहे ते तो स्वतःच्या तोंडाने सांगत असतो. तिथे भिंग कशाला हवं?